पाच अंक बरोबर, पाच चुकीचे

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सक्करदऱ्याहून फोन आला. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम बोलत होत्या. त्यांच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आणि एक तापमापक आहे. दोन्हींच्या तारा खाली प्रयोगशाळेतल्या एका करड्या पेटीत, म्हणजे डेटा लॉगरमध्ये, येतात. पेटी दर तासाला एक नोंद करते. पेटीची आठवण सहा आठवड्यांची. त्यानंतर ती सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिते. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी संगणकात उतरवून घ्यायच्या, हे काम मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी अकरा पावसाळे न चुकता करत आले होते.

"सर, जुना कॉम्प्युटर बंदच पडला. नवीन आला आहे, त्यात लिनक्स आहे. पण त्याला ते नऊ टाचण्यांचं भोकच नाही. बर्डीवरून यूएसबीची केबल आणली, तर तो काही घेऊनच नाही राहिला."

"शेवटच्या नोंदी कधी उतरवल्या होत्या?"

"पाच आठवडे झाले."

म्हणजे हातात एक आठवडा होता. त्यानंतर जुलैच्या पावसाचा एकेक तास पुसला जाणार होता.

ती केबल म्हणजे यूएसबी आणि सिरियल पोर्ट यांच्यामधला दुभाषी. तिच्या एका टोकाला आजचा यूएसबीचा चपटा जोड असतो, दुसऱ्या टोकाला जुना नऊ टाचण्यांचा, आणि मध्ये नखाएवढी एक चिप. ती सुरू करायला आम्हाला चार दिवस लागले. या चार दिवसांत एकामागून एक चार अडथळे आले. पहिला अडथळा अलीकडचा होता, दुसरा त्याहून जुना, आणि शेवटचा तर तारायंत्राच्या काळातला. विहीर खणताना वरचा मुरूम आधी लागतो आणि काळा पाषाण शेवटी, तसे काहीसे झाले. ती खोदाई इथे त्याच क्रमाने सांगतो.

पहिला थर यूएसबीचा. ही पद्धत १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख नाव होते. यूएसबीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे जोडलेल्या प्रत्येक वस्तूला संगणक आधी 'तू कोण?' असे विचारतो. वस्तू दोन क्रमांक सांगते. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. त्यावरून संगणक योग्य ती आज्ञावली शोधून तिच्या हाती वस्तू सोपवतो. लिनक्समध्ये हे क्रमांक 'एलएस-यूएसबी' या आज्ञेने दिसतात. सोपवल्यानंतर काय घडले, त्याची रोजनिशी 'डीमेस्ग' या आज्ञेने वाचता येते. केबल चालत नसेल तर इतर काहीही करण्याआधी ही रोजनिशी वाचावी. ती न वाचता केबल बदलत बसणे म्हणजे रुग्णाला न विचारता औषध बदलणे.

मॅडमनी रोजनिशी वाचून दाखवली. केबलचे क्रमांक होते '१ए८६' आणि '७५२३'. चीनमध्ये बनणारी ही सीएच-३४० नावाची स्वस्त आणि चांगली चिप आहे. संगणकाने तिला ओळखले होते आणि 'टीटीवाय-यूएसबी-०' असे नावही दिले होते. पण लगेच पुढच्याच ओळीत 'जोडणी तुटली' अशी नोंद होती, आणि त्या दोन ओळींमध्ये एक अनोळखी नाव आले होते: बीआरएल-टीटीवाय.

हे नाव वाचून मला उलगडा झाला. बीआरएल-टीटीवाय ही दृष्टिहीनांसाठीची आज्ञावली आहे. पडद्यावरचा मजकूर ती ब्रेल पट्टीवर उमटवते. पट्टीवरच्या बारीक टाचण्या वरखाली होतात आणि वाचणारा बोटांनी वाचतो. एका ब्रेल यंत्राच्या निर्मात्याने आत हीच सीएच-३४० चिप वापरली आणि चिपचे क्रमांक तसेच ठेवले. त्यामुळे '१ए८६, ७५२३' असे कोणी म्हणाले की ही आज्ञावली समजते, ब्रेल पट्टी आली, आणि केबल स्वतःकडे ओढून घेते. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू या लिनक्सची २२.०४ ही आवृत्ती आली. तिच्यात ही आज्ञावली आधीपासूनच बसवलेली होती. त्यामुळे जगभर असंख्य लोकांच्या केबली 'हरवल्या'.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय एका ओळीचा आहे: ती आज्ञावली काढून टाका. मीही फोनवर तेच सांगून मोकळा झालो. मॅडम क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "काढायला हरकत नाही, पण यंदा अकरावीत एक मुलगी आली आहे, तिला दिसत नाही. सध्या ती कानानेच ऐकते, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. पुढे तिला पट्टी मिळाली तर?" मला माझ्या घाईची लाज वाटली. प्रयोगशाळेतला संगणक सर्वांचा असतो. आज्ञावली न काढताही काम होते. तिच्या नियमांच्या फाइलीत या दोन क्रमांकांची एकच ओळ आहे. तिच्या सुरुवातीला शेंगदाण्याच्या जाळीसारखे दिसणारे 'हॅश' हे चिन्ह टाकले की तेवढीच ओळ निष्प्रभ होते. बाकीच्या सगळ्या ब्रेल पट्ट्या पूर्वीसारख्या चालतात. आज्ञावलीची नवी आवृत्ती आल्यावर ही ओळ पुन्हा जिवंत होऊ शकते, एवढे लक्षात ठेवावे लागते.

क्रमांकांवर चालणाऱ्या ओळखपद्धतीत असे घोळ होणारच. २०१४ साली तर याहून मोठा झाला. स्कॉटलंडच्या एफटीडीआय या कंपनीच्या चिपच्या बनावट नकला बाजारात आल्या होत्या. कंपनीने विंडोजसाठी दिलेल्या नव्या आज्ञावलीने अशा नकलांचा वस्तुक्रमांकच शून्य करून टाकला. ज्याने अजाणता नकली केबल घेतली होती त्याचे उपकरण एका रात्रीत मुके झाले. ओरड झाल्यावर कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली. लिनक्सकारांनी शून्य क्रमांकाचीही ओळख लगेच आपल्या यादीत घालून टाकली. नकल करणे वाईटच. पण शिक्षा भोगली ती बनवणाऱ्याने नव्हे, वापरणाऱ्याने.

असो. केबल आता जागेवर राहिली. पण वाचायला गेल्यावर उत्तर आले: परवानगी नाही.

हा दुसरा थर. लिनक्समध्ये प्रत्येक जोडणी एखाद्या फाइलीसारखी दिसते, आणि प्रत्येक फाइलीला मालक आणि गट असतो. टीटीवाय-यूएसबी-० चा गट असतो 'डायलआउट'. आपले नाव त्या गटात नसेल तर दार बंद. नाव घालायचे, एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचे, की दार उघडते. बाहेर पडून आत येणे लोक विसरतात आणि तासभर डोके धरून बसतात. आम्हीही बसलो.

पण 'डायलआउट' म्हणजे बाहेर फोन लावणे. पावसाच्या नोंदी वाचायला फोन लावायच्या परवानगीची काय गरज? आणि टीटीवाय म्हणजे तरी काय?

टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, आपल्याकडे ज्याला टेलिप्रिंटर म्हणत ते यंत्र. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली, तेव्हा आज्ञा टाइप करायला त्यांच्यापुढे पडदा नव्हता. होते टेलिटाइप मॉडेल ३३: कळफलक, शाईची फीत आणि कागदाचे भेंडोळे. सेकंदाला दहा अक्षरे, तीही खडखडाट करत. माणूस संगणकाशी याच यंत्राने बोलत असे, म्हणून युनिक्समध्ये माणसाच्या बाजूच्या टोकाला टीटीवाय हे नाव पडले. यंत्र गेले, पडदे आले, नाव राहिले. लिनक्सने युनिक्सची रीत उचलली आणि नावही उचलले. सक्करदऱ्यातल्या नव्या संगणकाला आजही वाटते की आपल्याला एक टेलिप्रिंटर जोडला आहे.

डायलआउटची कथा त्यानंतरची. संगणकाच्या सिरियल पोर्टला मोडेम लावून फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी बोलता येऊ लागले. मोठ्या संगणकावर अनेकजण काम करत आणि फोनचे बिल एकाच्या नावावर येई. मग फोन कोणी लावावा यावर बंधन आले, आणि त्या बंधनाचा गट म्हणजे डायलआउट. गंमत म्हणजे खुद्द लिनक्सचा जन्मही सिरियल पोर्टवरचाच आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. तिचे दोन भाग होते. एक भाग कळफलकावरची अक्षरे मोडेमला देई, दुसरा मोडेमकडून आलेली अक्षरे पडद्यावर टाकी. तिला एकेक सोय जोडता जोडता प्रणालीच तयार झाली. आज आपण केबलवरून नोंदी वाचतो तेव्हा लिनक्सकडून त्याचे मूळचे कामच करून घेतो.

दार उघडले. मॅडमनी लॉगरवरचे 'नोंदी पाठवा' हे बटण दाबले. पडदा कोराच.

इथे शिक्षकांनी करून पाहावी अशी एक युक्ती सांगतो. केबलच्या नऊ टाचण्यांच्या टोकाला दुसरी आणि तिसरी टाचणी एका वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडायची. तिसरीतून संगणक बोलतो, दुसरीतून ऐकतो. दोन्ही जोडल्या की आपण टाइप केलेले अक्षर आपल्याकडेच परत येते. मिनिकॉमसारख्या आज्ञावलीत 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' बंद करून हे पाहावे. अक्षर परत आले तर संगणक, परवानगी, चिप आणि केबल ही सारी साखळी शाबूत आहे. दोष पलीकडे आहे. मॅडमनी केसातली पिन वापरली. अक्षर परत आले.

मग दोष कुठे? हा तिसरा थर, १९६० सालचा. त्या वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने आरएस-२३२ नावाचे मानक ठरवले. १९६९ मध्ये त्याची 'सी' ही सुधारित आवृत्ती आली आणि तीच जगभर रुळली. कोणत्या टाचणीत काय असावे, किती व्होल्ट म्हणजे '०' आणि किती म्हणजे '१', हे त्यात लिहिले आहे. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. हा उलटा हिशेब अनेकांना बुचकळ्यात टाकतो. मूळच्या टाचण्या पंचवीस होत्या. नऊ टाचण्यांचा जोड रूढ झाला तो १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमुळे.

पण हे मानक दोन विशिष्ट पक्षांसाठी होते: एका बाजूला टेलिप्रिंटर किंवा संगणक, दुसऱ्या बाजूला मोडेम. एकाची बोलण्याची टाचणी तीच दुसऱ्याची ऐकण्याची, अशी वाटणी त्यामुळे सहज झाली आणि सरळ तारेने काम भागले. दोन संगणक, किंवा एक संगणक आणि एक पावसाची पेटी यांना एकमेकांशी बोलायचे असेल, हा विचार त्यात नव्हता. पुढे वजनकाटे, मापनयंत्रे, छापयंत्रे बनवणाऱ्या प्रत्येकाने आपले यंत्र टेलिप्रिंटर समजायचे की मोडेम, हे आपापल्या मनाने ठरवले. आमच्या लॉगरच्या निर्मात्याने ते टेलिप्रिंटर समजले होते. संगणकही टेलिप्रिंटर. दोघेही तिसऱ्या टाचणीतून बोलत होते आणि दोघेही दुसरीला कान लावून होते. समोरासमोर जोडायची तार बाजारातून नवी आणलेली, सरळ. जुनी तार, जिच्यात दोन आणि तीन मुद्दाम अदलाबदल केलेल्या होत्या, ती जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली होती. विद्यार्थ्यांनी डागणी घेऊन नव्या तारेत ती अदलाबदल केली. पाचवी टाचणी, म्हणजे दोघांची सामाईक जमीन, होती तशी ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर पहिली अक्षरे आली. सगळा कचरा.

आता आम्ही तळाच्या थराला पोचलो होतो. तो समजण्यासाठी पॅरिसला जावे लागते. एमिल बोदो हा फ्रेंच तारखात्यातला अभियंता. १८७४ साली त्याने आपल्या तारपद्धतीचे पेटंट घेतले. मोर्सच्या संकेतात अक्षरे कमीजास्त लांबीची असतात. बोदोने प्रत्येक अक्षराला नेमके पाच भाग दिले. प्रत्येक भागात प्रवाह आहे किंवा नाही, म्हणजे एकूण ३२ जुळण्या. पाठवणाऱ्यासमोर पियानोसारख्या पाच पट्ट्या असत. पण कोणता भाग कधी सुरू होतो हे पलीकडच्या यंत्राला कसे कळणार? दोन्हीकडची चक्रे एकाच गतीने फिरत ठेवावी लागत, आणि पाठवणाऱ्या माणसाने यंत्राच्या टकटकीच्या ठेक्यावरच पट्ट्या दाबायच्या. ठेका चुकला की अक्षर चुकले. तबलजीच्या हाताची तयारी लागणारे हे काम होते. वेगाचे 'बॉड' हे एकक त्याच्याच नावावरून आले.

माणसाला ठेक्यातून सोडवले शिकागोच्या क्रम पितापुत्रांनी. त्यांना पैसा पुरवणारा जॉय मॉर्टन हा मिठाचा व्यापारी होता, म्हणून त्यांच्या कंपनीचे नाव मॉरक्रम. मुलाची, हॉवर्ड क्रमची, कल्पना साधी होती. दोन्ही घड्याळे कायम जुळवत बसू नका. तार रिकामी असताना तिच्यात प्रवाह चालू ठेवा. अक्षर सुरू होताना एक भागभर तो बंद करा. ही सूचना मिळताच पलीकडच्या यंत्राने आपले घड्याळ शून्यापासून सुरू करावे, पाच भाग मोजावेत आणि थांबावे. पुढच्या अक्षराला पुन्हा शून्यापासून. घड्याळे थोडी मागेपुढे असली तरी चूक एका अक्षरापलीकडे साचत नाही. याचे पेटंट त्याला १९१८ मध्ये मिळाले. आज सिरियल पोर्टच्या प्रत्येक अक्षराच्या आगेमागे असणारे स्टार्ट बिट आणि स्टॉप बिट ते हेच. पुढे ही कंपनी टेलिटाइप कॉर्पोरेशन झाली. तिचेच मॉडेल ३३ थॉम्पसन-रिचींसमोर होते.

आपल्याकडे टेलिप्रिंटर अनेकांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत पाहिले असतील. १९६० मध्ये मद्रासला हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स ही सरकारी कंपनी निघाली आणि ती यंत्रे देशातच बनू लागली. नागपूर असो की पुणे, मराठी वृत्तपत्रात बातमी इंग्रजीत उमटायची आणि उपसंपादक ती कागदाच्या पट्ट्यावरून मराठीत आणायचे. ३२ जुळण्यांत इंग्रजी अक्षरे आणि अंक दोन्ही बसत नाहीत, म्हणून अक्षरे आणि अंक यांत एकच संकेत वाटून दिलेला असे. 'आता अंक' असा आधी इशारा द्यायचा, मग पुढचे संकेत अंक समजायचे. तारेतल्या खरखरीने तो इशारा हरवला की आकडे अक्षरे होऊन येत. पाऊस ४५ मिलिमीटर पडला असेल तर पट्टीवर 'आरटी' उमटे. अनुभवी उपसंपादक हसून बरोबर आकडा लिहीत.

क्रमच्या युक्तीत एक अट लपलेली आहे. घड्याळ तारेवरून जात नाही. ते दोन्हीकडे आधीच ठरलेले असावे लागते. प्रत्येक भाग किती वेळाचा, भाग किती, हे तार कधीच सांगत नाही. यूएसबी 'तू कोण?' असे विचारते. सिरियल पोर्ट काहीच विचारत नाही. वेग चुकीचा लावला तर ऐकणारा भलत्याच क्षणी डोकावतो आणि भलतेच वाचतो. दहा भागांच्या अक्षरात शेवटच्या भागापर्यंत घसरण अर्ध्या भागाहून कमी राहायला हवी, म्हणजे दोन घड्याळांत साधारण ५ टक्क्यांपर्यंतचा फरक खपतो. आम्ही ९६०० लावले होते. लॉगरची माहितीपुस्तिका हरवलेली. मग ४८००, २४०० असे खाली उतरत गेलो. हे आकडे एकमेकांच्या दुपटीत का? टेलिप्रिंटरच्या ७५ बॉडपासून दुप्पट करत जा: १५०, ३००, ६००, १२००, आणि पुढे ९६००.

१२०० ला ओळी दिसू लागल्या. पण अर्धवट. काही अंक स्वच्छ, काहींच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह. मला वाटले, तार सैल आहे. मी तसे म्हणालोही. मॅडम मात्र ओळी पाहत राहिल्या. "सर, सैल तार असती तर कधी हा अंक गेला असता, कधी तो. इथे तापमान ३०.५ असलं की नेहमी बरोबर येतं. २८.४ असलं की नेहमी सगळेच अंक जातात. आणि पाऊस ०.० असेल ते तास सगळे नीट आहेत. पाऊस पडला तेच तास गेले." त्यांनी कागदावर यादी केली. ०, ३, ५, ६, ९ हे कायम बरोबर. १, २, ४, ७, ८ कायम चूक. पाच आणि पाच.

यादी पाहून कोडे सुटले. १९६३ साली आस्की हा संकेत ठरला. त्यात अक्षराला सात बिट आहेत. ० चा संकेत ०११००००, १ चा ०११०००१, २ चा ०११००१०, ३ चा ०११००११. आता प्रत्येकात १ किती वेळा आला ते मोजा. ० मध्ये दोनदा, १ मध्ये तीनदा, २ मध्ये तीनदा, ३ मध्ये चारदा. बरोबर येणाऱ्या पाचही अंकांत ही संख्या सम आहे, चुकणाऱ्या पाचही अंकांत विषम. वर्गात मुलांना उरलेले सहा अंक काढायला सांगावेत.

जुनी यंत्रे सात बिटांनंतर एक राखणदार बिट पाठवत. एकूण १ ची संख्या नेहमी सम व्हावी, असा तो भरायचा. वाटेत एखादा बिट उलटला तर संख्या विषम होई आणि चूक उघडी पडे. याला पॅरिटी म्हणतात. आमचा लॉगर या पद्धतीचा होता: सात बिट आणि सम पॅरिटी. संगणकाला मात्र आम्ही आजच्या रिवाजाप्रमाणे आठ बिट, पॅरिटी नाही, असे सांगितले होते. दोन्हीत भागांची बेरीज सारखीच, म्हणून अक्षर कुठे तुटले नाही. फक्त राखणदाराला संगणकाने अक्षराचाच आठवा भाग मानले. सम अंकांत तो ० होता, काही बिघडले नाही. विषम अंकांत तो १ होता, आणि आस्कीत नसलेले काहीतरी तयार झाले.

या आठव्या बिटाशी मराठीचा जवळचा संबंध आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. आस्कीच्या सात बिटांत १२८ जागा, आणि त्या सगळ्या इंग्रजीने व्यापलेल्या. देवनागरीला जागा मिळाली ती आठवा बिट १ केल्यावर उघडणाऱ्या वरच्या १२८ जागांत. आयआयटी कानपूरला १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित केले. १९८८ पासून ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले. सिरियल तारेने युनिक्स संगणकाला जोडायचे, भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट टर्मिनल त्यातूनच आले. त्यामागचा संकेत 'इस्की' म्हणून १९९१ साली भारतीय मानक झाला. खाली इंग्रजी होती तशी, वर आपली अक्षरे.

आता मॅडमची यादी इस्कीच्या तक्त्यावर ठेवून पाहा. आठवा बिट १ झालेला '१' म्हणजे औ. '२' म्हणजे ऑ. '४' म्हणजे ख, '७' म्हणजे ङ, '८' म्हणजे च. आमच्या लॉगरला जिस्टचे टर्मिनल जोडले असते तर २८.४ अंश तापमान 'ऑच.ख' असे उमटले असते! उलटही खरे. इस्कीतला मजकूर सात बिटांच्या तारेवर टाकला तर वरचा बिट गळून पडतो आणि 'क' चा ३ होतो, 'ग' चा ५. पॅरिटी हवी की मराठी, असा तो सरळ व्यवहार होता. युनिकोडमध्ये देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. आज आपण वापरतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत एका 'क' ला तीन आठ-बिटी भाग लागतात आणि तिन्हींत आठवा बिट १ असतो. ही पद्धत १९९२ साली रचली ती रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी. तोच थॉम्पसन, टेलिटाइपसमोर बसलेला.

चौथ्या दिवशी सकाळी संगणकाला सांगितले: १२०० बॉड, सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट. मॅडमनी बटण दाबले. ३९ दिवसांच्या ९३६ ओळी, ओळीला साधारण ३० अक्षरे, सेकंदाला १२० अक्षरे. चार मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागला. वर्गातली मुले पडद्याभोवती उभी राहून एकेक तास उतरताना पाहत होती. १२ आणि १४ मिलिमीटरचे तास आले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आदल्या दिवशीची 'बिघडलेली' फाइलही फुकट गेली नव्हती. ती पडद्यावरून उतरवलेली नसून जशीच्या तशी साठवलेली होती. एका विद्यार्थ्याने चार ओळींची आज्ञावली लिहून प्रत्येक अक्षराचा आठवा बिट पुसला. दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, नोंदी तंतोतंत जुळल्या.

ज्यांच्या प्रयोगशाळेत दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरचे एक्सपआइज हे उपकरण आहे, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल. अजित कुमार यांनी २००४ साली तिथे सुरू केलेल्या फिनिक्स प्रकल्पातून ते आले. बाहेरून ते यूएसबीचे दिसते, पण त्याच्याही आत एक दुभाषी चिप बसलेली आहे, आणि लिनक्सला तेही टीटीवायच वाटते. 'परवानगी नाही' हे उत्तर तिथेही मिळू शकते.

मी निघालो तेव्हा मॅडम लॉगरच्या झाकणावर पांढरी पट्टी चिकटवत होत्या. तिच्यावर पक्क्या शाईत लिहिले होते: '१२०० / ७ / सम / १. तार उलटी. २–३ अदलाबदल. भंगारात देऊ नये.'